नरसीचे नामदेवराय

॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. मंडळी घरी आली आणि म्हणाली की महाराज, नामदेवरायांचं चरित्र तुम्हीच लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. हळदीचं बेणं निवडणं आणि हातात टाळ धरणं, एवढी दोन कामं मला येतात. कीर्तनाला उभं राहिलं की मागं मृदंग असतो, टाळकरी असतात, चुकलं तर ते सांभाळून घेतात. कागदावर तसं कोणी मागं नसतं. तरी नाही म्हणवलं नाही. कारण नामदेवराय आपल्या मातीतले. आपल्या कयाधूच्या काठचे. अभंग आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, ते हरिपाठाला आणि काकड्याला म्हणूच. इथं नुसती कथा सांगतो, जशी माझ्या आजानं मला ओसरीवर बसून सांगितली आणि पुढं मोठ्या महाराज लोकांच्या तोंडून ऐकली तशी.

आपल्या हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठावर नरसी गाव आहे. शेजारी बामणी. म्हणून जुने लोक नरसी-बामणी असं जोडून म्हणत. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, तो तर १९९९ साली झाला, आधी आपण परभणीत होतो. आणि नामदेवरायांच्या काळी तर देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं. त्या नरसीत दामाशेटी नावाचे शिंपी होते. कापड शिवायचं, विकायचं आणि पंढरीची वारी करायची, असं घर. बायकोचं नाव गोणाई. घरात वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांच्या पोटी शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० ला, नामदेवराय जन्मले. कार्तिकी एकादशीचा जन्म, बघा. सगळा वारकरी वाळवंटात उभा असतो त्या दिवशी.

पंढरपूरचे लोक म्हणतात की जन्म पंढरीतला. म्हणू द्या. लेकरू मोठं झालं की त्याला आपलं म्हणणारे जास्त होतात. आपल्याकडं नरसी म्हणतात, जन्मस्थान म्हणून तिथं मंदिर आहे आणि आषाढी करून परत आलेला वारकरी वद्य एकादशीला नरसीला परतवारी करतो. पंढरीला गेलो पण नरसीला आलो नाही तर वारी पुरी झाली नाही, असं आपल्या भागात मानतात. माझ्या आईला शेवटी शेवटी पंढरपूरपर्यंत चालवत नव्हतं, पण परतवारी तिनं सोडली नाही.

घर पुढं पंढरपूरला गेलं. दामाशेटी रोज विठ्ठलाला नैवेद्य दाखवायचे. एक दिवस त्यांना बाहेरगावी जायचं होतं, त्यांनी पोराला सांगितलं की आज नैवेद्य तू घेऊन जा. पोर गेलं. ताट देवापुढं ठेवलं आणि बसून राहिलं. देव काही जेवेना. मोठ्या माणसाला माहीत असतं की नैवेद्य दाखवायचा असतो, देवानं तो खायचा नसतो. पोराला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं आपलं काही चुकलं म्हणून देव रुसला. विनवण्या केल्या, रडलं, शेवटी म्हणालं की जेवत नसशील तर मी इथं डोकं आपटून जीव देतो. तेव्हा देव जेवला. घरी येऊन सांगितलं तर आईबापाला खरं वाटेना. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला तिच्यात एकच गोष्ट दिसते. बाकीच्यांनी देवाला ताट दाखवलं, नामदेवानं देवाला जेवायला बसवलं. पंगतीची गोष्ट तिथूनच सुरू झाली, ती पुढं येईल.

मोठे झाले, लग्न झालं. बायको राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा असे चार लेक, लिंबाई लेक. घरात बहीण आऊबाई. गंगाखेडच्या दामा आणि करुंड यांची लेक जनाई लहानपणीच या घरी आली आणि इथलीच झाली. गंगाखेड आपल्याला परकं नाही, गोदेच्या काठचं, शेजारच्या परभणी जिल्ह्यातलं. एवढं मोठं खटलं, आणि कर्ता पुरुष दिवसरात्र देवळात. दुकानावर बसायचं नाव नाही. गोणाई देवाशी भांडायची की माझं पोर तू वेडं केलंस. राजाई रुक्मिणीपाशी जाऊन रडायची की तुझ्या नवऱ्यानं माझा नवरा बिघडवला, घरात दाणा नाही. संतांच्या घरातली ही भांडणं आपण हसून सांगतो, पण ज्या बाईच्या चुलीत जाळ नाही तिला हसू येत नाही. वारीला महिनाभर आपण निघतो तेव्हा मागं पेरणी, दुबार पेरणी, लेकरांची शाळा कोण बघतं, ते मनात ठेवून ही कथा ऐकावी.

एकदा राजाईनं परिसा भागवताच्या बायकोकडून परीस उसना आणला. लोखंडाचं सोनं केलं, घरात सामान भरलं. नामदेवराय आले, विचारलं, कळलं. परीस उचलला आणि चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत भांडायला आले. नामदेवांनी नदीत हात घातला आणि ओंजळभर खडे काढून दिले, म्हणाले यातला तुमचा ओळखून घ्या. सगळेच परीस. परिसा भागवताचा अभिमान तिथं गेला आणि ते पुढं नामदेवरायांचे झाले.

पण नामदेवरायांचा स्वतःचा अभिमान अजून जायचा होता. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं खातो, असा लाडका भक्त मी. ज्ञानोबाराय, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताई ही भावंडं भेटली तो काळ. ज्ञानोबारायांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली होती. वयानं ते नामदेवांपेक्षा लहान, मुक्ताई तर आणखीच लहान. सगळे संत तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी जमले. गोरोबाकाका कुंभार. तिथं त्यांचं थापटणं पडलेलं होतं. मुक्ताईनं विचारलं की काका, हे कशाचं. काका म्हणाले की यानं मडकं थापटून बघतो, कच्चं आहे का पक्कं. मुक्ताई म्हणाली की मग ही इथं बसलेली मडकी पण बघा की. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप बसले. नामदेवांच्या डोक्यावर बसलं तसे ते चिडले. काकांनी सांगून टाकलं की हे मडकं कच्चं आहे.

भरल्या सभेत. सगळ्या संतांसमोर. नामदेव उठले आणि थेट पंढरपूरला देवापाशी आले, गाऱ्हाणं केलं. त्यांना वाटलं देव आपली बाजू घेईल. देव म्हणाला की ते बरोबर बोलले, तुला गुरू नाही, तू विसोबा खेचरांकडं जा.

हे विसोबा आपल्याकडं औंढ्याला होते. तेही एके काळी ज्ञानोबारायांच्या भावंडांना फार छळणारे, असं परंपरा सांगते. मग पश्चात्ताप होऊन त्यांच्याच चरणी आले. म्हणजे तेही भाजून निघालेलं मडकं. नामदेव औंढा नागनाथाच्या देवळात गेले. बघतात तर एक म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांना राग आला, म्हणाले पाय काढा. म्हातारा म्हणाला की बाबा, मला हलवत नाही, जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि बाजूला ठेवले. तिथं पिंड आली. दुसरीकडं ठेवले, तिथंही पिंड. ज्या बाजूला पाय न्यावेत त्या बाजूला महादेव. तेव्हा नामदेव पायाशी बसले.

औंढ्याला गेलात तर बघा, पिंडीपाशी जायला अजूनही वाकून, भुयारासारख्या अरुंद जागेतून खाली उतरावं लागतं. फेट्याचा तुरा वर ठेवून तिथं जाता येत नाही. नामदेवराय पंढरीत देवाचे लाडके झाले, पण त्यांना शहाणपण आलं ते आपल्या औंढ्यात. आपल्या जिल्ह्याचा मान जन्मापेक्षा या गोष्टीत जास्त आहे, असं मला वाटतं. जन्म कुठं व्हावा ते माणसाच्या हातात नसतं. मी कच्चा आहे हे कबूल करून चालत जाणं, हे हातात असतं.

त्यानंतर ज्ञानोबाराय आणि नामदेवराय तीर्थाला निघाले. ज्ञानोबांना तीर्थाची गरज काय आणि नामदेवांना पंढरी सोडवेना. पण निघाले. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही, बादली नाही. ज्ञानोबा योगी, त्यांनी सूक्ष्म रूप धरून आत जाऊन पाणी प्यायलं. नामदेव काठावर बसून विठ्ठलाला हाक मारत राहिले. विहीर खालून भरून काठोकाठ आली आणि वाहू लागली. योगानं एकट्याची तहान भागली. हाकेनं विहीर वर आली, गुरं, पाखरं, वाटसरू सगळे पाणी प्यायले.

याच तीर्थाच्या कथेत औंढ्याची दुसरी गोष्ट येते. नामदेवराय देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले. तिथल्या लोकांनी त्यांना जातीवरून हटकलं, दारातून उठवलं, मागं जायला सांगितलं. नामदेवराय भांडले नाहीत. टाळ उचलला आणि देवळाच्या पाठीमागं जाऊन कीर्तन करू लागले. कीर्तन रंगलं आणि देऊळ फिरलं. देवानं तोंड मागं केलं, जिथं नामदेव होते तिकडं. नंदी पुढच्या अंगाला होता, तो मागं राहिला. आजही औंढ्याला नंदी मागच्या बाजूला आहे, सगळे दाखवतात. ते देऊळ पुढं पडझड झाल्यावर वरचं काम अहिल्याबाई होळकरांनी करून घेतलं, पण नंदी जिथं होता तिथंच राहिला.

देऊळ फिरल्याची ही गोष्ट पंजाबातही गुरुद्वाऱ्यात गातात, हे मला फार उशिरा कळलं.

तीर्थाहून आल्यावर शके १२१८, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवराय तिथं होते. त्या दिवसाचं जे काही आपल्याला माहीत आहे ते बहुतेक नामदेवांमुळं. ज्ञानोबारायांचं चरित्र, तीर्थाची कथा आणि समाधीचा सोहळा त्यांनी अभंगांत लिहून ठेवला. आपल्या मराठीत संताचं चरित्र लिहायचा पायंडा तिथून पडला. वर्षाच्या आतच सोपानदेव सासवडला, मुक्ताई खानदेशात आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला गेले. चौघं गेले. नामदेव तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. सगळी सोबत उठून गेलेली.

काळही वाईट होता. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला होता. पुढं काही वर्षांत यादवांचं राज्य पार बुडालं. अशा वेळी माणूस घर धरून बसतो. नामदेवराय उलटे निघाले. हातात टाळ, खांद्यावर झोळी, तोंडात विठ्ठल, आणि उत्तरेची वाट. गुजरात, राजस्थान करत हरिद्वारकडून पंजाबात गेले. भाषा वेगळी, अन्न वेगळं. तिथल्या लोकांना कळावं म्हणून त्यांच्या बोलीत पदं केली. मी चौथी शिकलेला, मला मुंबईला गेलो तरी हिंदीत पत्ता विचारता येत नाही. आपल्या नरसीचा शिंपी पंजाबात जाऊन तिथल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत देव सांगतो, ही गोष्ट लहान नाही.

पंजाबात ते अठरा-वीस वर्षं राहिले असं मानतात. भट्टीवाल गावी राहिले, तिथं तळं केलं. मग लोकांची फार गर्दी होऊ लागली म्हणून रानात एकांताला गेले. ते रान म्हणजे घुमान, गुरदासपूर जिल्ह्यात. माणूस एकांत शोधत गेला आणि माणसं त्याच्या मागं गेली. बहोरदास, लद्धा, जल्लो, केशो असे शिष्य मिळाले. रानात वस्ती झाली, वस्तीचं गाव झालं. नामदेव तिथं काही राज्य घेऊन गेले नव्हते, वतन नव्हतं, मठाला जमीन नव्हती. रोजचं भजन आणि आल्यागेल्याला भाकरी, एवढ्यावर गाव उभं राहिलं आणि सातशे वर्षं टिकलं. पुढं सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी तिथं मंदिर बांधलं आणि महाराजा रणजितसिंगांच्या सासूबाई सदाकौर यांनी तलावाचं काम केलं. बहोरदासांच्या वंशातले लोक अजून तिथं सेवा करतात, त्यांना बावे म्हणतात. जिथं नामदेवराय तप करत बसायचे त्या जागेला तपियाणा साहिब म्हणतात. शिखांच्या पाचव्या गुरूंनी, गुरू अर्जनदेवांनी, १६०४ साली ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची ६१ पदं घेतली. गुरुद्वाऱ्यात माणूस त्या ग्रंथापुढं डोकं टेकतो, तेव्हा आपल्या नामदेवांपुढंही टेकतो.

२०१५ साली एप्रिलमध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं, ८८ वं, देहूच्या तुकोबारायांच्या वंशातले सदानंद मोरे अध्यक्ष होते. तेव्हा आपल्या भागातल्या पुष्कळांना घुमानचं नाव कळलं. मी त्या गर्दीत गेलो नाही. नंतर एका वर्षी हळद विकून हातात चार पैसे आले तेव्हा आम्ही पाचजण नांदेडहून सचखंड गाडीनं अमृतसरला आणि तिथून घुमानला गेलो. तिथले लोक बाबा नामदेवजी म्हणतात. आम्ही नामदेवांच्या गावचे म्हटल्यावर एका म्हाताऱ्या सरदारजीनं माझे पाय धरले. मी मागं सरलो. मग आम्हाला लंगरला नेलं. सगळे खाली एका रांगेत बसलेले. मोटारीतून आलेला, ट्रॅक्टरवरून आलेला, झाडूवाला, सगळे. पोळी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. मी हात पुढं केले आणि माझ्यानं घास गिळवेना.

ते का, ते इथं लिहितो. दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात नुसतं चांगलंच लिहिलं तर ते खोटं होईल.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा. नुकताच कीर्तनाला उभा राहायला लागलो होतो. आपल्या दिंडीत खालच्या वस्तीतले एक म्हातारबा चालायचे. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. ते सामानाच्या गाडीच्या बैलांचं बघायचे आणि सगळ्यात मागं चालायचे. जेवण त्यांचं गाडीपाशी व्हायचं. असंच होतं तेव्हा, कोणी काही बोलायचं नाही. एका मुक्कामाला पाऊस लागला, गाडीखाली चिखल झाला, म्हणून ते पंगतीच्या शेवटाला येऊन बसले. मी वाढपी होतो. पंगतीतल्या दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हातारबांना म्हटलं की उठा, तिकडं गाडीकडं बसा. ते काही बोलले नाहीत. पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, भात सांडू नये म्हणून छातीशी धरली, मला रामकृष्णहरी म्हणाले आणि पावसात गेले. त्याच रात्री मी कीर्तनात चोखोबांचं आख्यान सांगितलं. लोक रडले. मला हार घातला.

पुढच्या वर्षी म्हातारबा आले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन यावं असं दरवर्षी वाटायचं. मी गेलो नाही. ते वारले तेही मला आठ दिवसांनी कळलं.

आता चोखोबांची कथा ऐका. चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीनं महार. नामदेवरायांना गुरू मानायचे. देवळात त्यांना जाऊ देत नव्हते, महाद्वाराच्या बाहेरून दर्शन. पण नामदेवांचं कीर्तन वाळवंटात होतं, आणि वाळवंटाला दार नसतं. तिथं चोखोबा, त्यांची सोयरा, बंका, कर्ममेळा सगळे होते. जनाई त्यांच्याच घरची, दळणकांडण करता करता अभंग करणारी. सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, ज्याचं जे काम ते करत सगळे एका रिंगणात. नामदेवरायांनी कीर्तन देवळातून काढून वाळूत आणलं. वारकरी पंथ त्या वाळूवर उभा राहिला.

१३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं. चोखोबा त्या वेठीला गेलेले. भिंत पडली आणि बरीच माणसं खाली गाडली गेली. नामदेवराय पंढरपूरहून मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात सगळी हाडं एक झालेली, ओळखायची कशी. ते एकेक हाड कानाला लावत गेले आणि ज्यातून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून गोळा केली. पंढरीला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. एक शिंपी एका महाराची हाडं कानाला लावतो, ओंजळीत धरून आणतो. सातशे वर्षांमागं. आणि मी जित्या माणसाला पंगतीतून उठवलं.

देवळाचं दार मात्र त्यानंतरही सहाशे वर्षं उघडलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपाशी बसले तेव्हा उघडलं. आपली दिंडी निघाली ती त्याच्याही आधी, मोगलाईत, निजामाच्या राज्यातून. म्हणजे आपल्या पहिल्या वारकऱ्यांनी ते बंद दार पाहिलेलं आहे.

नामदेवराय ऐंशी वर्षांचे झाले. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, ३ जुलै १३५०. त्या दिवशी त्यांनी पंढरीच्या महाद्वारात समाधी घेतली. जागा कोणती मागितली? गाभारा नाही, सभामंडप नाही. दाराची पायरी. येणाऱ्या संतांची पायधूळ डोक्यावर पडावी म्हणून. घरची माणसंही त्यांच्यासोबत गेली, जनाईही. एक सून लाडाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती तेवढी मागं राहिली. पंजाबातले लोक मानतात की बाबाजींनी देह घुमानला ठेवला, तिथं समाधी आहे, माघ महिन्यात मोठा मेळा भरतो. तिथं तपियाणा, इथं पायरी. दोन्हीकडं माणूस वाकतो.

त्या पायरीच्या समोर चोखोबा. हेही ध्यानात घ्या. चोखोबांना आत जाऊ देत नव्हते, तर नामदेवराय बाहेर येऊन त्यांच्यासमोर आडवे झाले.

नामदेवरायांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता. पुढं तीनशे वर्षांनी देहूला तुकोबारायांच्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि राहिलेला संकल्प पुरा करायला सांगून गेले. तुकोबारायांची गाथा त्यातून आली. शिंप्याचं अर्धं राहिलेलं काम वाण्यानं हाती घेतलं. आपलंही असंच आहे. पहिल्या पिढीनं जे अर्धं ठेवलं ते मागच्यानं करायचं.

आज नांदेडला हुजूरसाहिबला आलेले पंजाबी यात्रेकरू तिथून नरसीला येतात. नरसीत गुरुद्वारा आहे, कयाधूच्या काठी. नरसीची पालखी पंढरीला निघते, हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रिंगण होतं, लाखाच्या डोळ्यांपुढं घोडा धावतो. हे सगळं वैभव बघून ऊर भरून येतो. पण रिंगणात घोडा पुढं धावतो तेव्हा मी हल्ली मागं बघतो, कोण कुठं उभं आहे ते.

आपल्या दिंडीत आता पंगत एक झाली. कोणी कोणाला उठवत नाही. पण मान राहिलाच. वीणा कोणाच्या खांद्यावर, पताका कोणाच्या घरची, चहा आधी कोणाला, कीर्तनकाराला श्रीफळ कोणाच्या हातून, यावरून अजून रुसवे होतात. मीही रुसलोय. आणि स्वयंपाक करणाऱ्या मायबाया सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खायलेत, हे तर रोज बघतो.

म्हणून दुसऱ्या शंभरीसाठी दिंडीपुढं एक मागणं ठेवतो. पंगत वाढायची ती शेवटाकडून वाढा. जो सगळ्यात मागं चालला, ज्यानं गाडी हाकली, जिनं चूल पेटवली, त्यांच्या पानावर पहिला भात पडू द्या. विणेकरी आणि महाराज लोक शेवटी. औंढ्याला देवानं तोंड मागं फिरवलं, तर आपल्याला वाढप्याचं तोंड फिरवायला काय जड आहे? या आषाढीला पहिल्या मुक्कामी वाढायला मी स्वतः उभा राहतो. गुडघे दुखतात, पण तेवढं होईल.

म्हातारबांच्या घरी मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. घरात त्यांची सून होती. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. दिंडी कधी निघणार, एवढंच तिनं विचारलं.

लिहिण्यात चुकभूल झाली असेल तर संतमंडळींनी पदरात घ्यावी. मडकं अजून कच्चंच आहे.

रामकृष्णहरी.